पिशवीच्या आतल्या अंगाला

दुपारचा चहा झाल्यावर चेतन दीपालीच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, काहीतरी डमी टाका ना. क्लायंटचा डेटा उद्या येणारे. आज नुसतं स्क्रीन हलतंय का ते बघायचंय." झालं, एवढंच. त्याला बिचाऱ्याला काय कल्पना! परदेशातल्या एका औषधकंपनीसाठी चाललेलं ते सॉफ्टवेअर. प्रथिनाच्या साखळीतल्या एकेका मण्याला एक अक्षर असतं; ती अक्षरं एका चौकोनात भरायची आणि यंत्राने सांगायचं की बाबा, या अक्षरांत अमुक एक ओळखीचा भाग दिसतो. ते सांगताना यंत्र कुठे अडखळतं हे शोधायचं काम दीपाली रणपिसेचं. दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. औंधातल्या काचेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसून गेली काही वर्षं ती हेच करत होती, आणि चांगलं करत होती. तिने चौकोनात कर्सर नेला आणि वाटेल ती अक्षरं बडवण्याऐवजी तिची बोटं आपली आपणच चालायला लागली. ए, पी, जी... अक्षरामागून अक्षर येत गेलं, मधे कुठे अडलं नाही, आतमध्ये कुणी पाढे म्हणत असावं तसं. दहा-अकरा वर्षांत तिने ती अक्षरं कुठे लिहिली नव्हती की कुणापाशी उच्चारली नव्हती. यंत्राने जरा विचार केला, एक लांब राखाडी रेघ काढली आणि रेघेच्या सुरुवातीलाच एक हिरवा चौकोन रंगवला. त्याच्याखाली उमटलं: सेल्युलोजला धरणारा भाग, जिवाणूंमधला. "हिट आला की!" चेतन खूश. "मॅडम, हे रँडम टाकलंत?" "नाही," दीपाली म्हणाली, "माझं जुनं आहे." "लकी आहात," असं म्हणून तो आपल्या जागेवर निघून गेला.

लकी! सेल्युलोज. म्हणजे कापूस, कागद, कडबा, उसाचं पाचट. झाडापासून जे जे येतं त्याचा सांगाडा. हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मग पिशवी कशाची असते? हा प्रश्न तिने विचारला नाही, तो आपोआप पुढ्यात येऊन बसला आणि उत्तरही बरोबर घेऊन आला. पिशवी सेल्युलोजचीच असते, बाई. खोक्यावर निळ्या अक्षरांत छापलेलं असायचं. साबणाच्या वेष्टनावरचं वाचून सोडून द्यावं तसं तिने ते शेकडो वेळा वाचून सोडून दिलं होतं. तिने पाण्याची बाटली उघडली, तोंडाला लावली आणि न पिताच खाली ठेवली. शेजारच्या खुर्चीतली मुलगी फोनवर कुणाला तरी हिंदीत घराचं भाडं कमी करायला सांगत होती. सगळं जिथल्या तिथे होतं.

पिशवी म्हणजे आपली भाजीची नव्हे. ती संशोधन करत होती तेव्हा त्यांच्या प्रयोगशाळेत मऊ पारदर्शक नळीचा गुंडाळा यायचा, त्याला सगळे पिशवीच म्हणायचे. वीतभर तुकडा कापायचा, भिजवायचा, एका टोकाला गाठ मारायची, आत प्रथिनाचं खारट पाणी भरायचं, दुसरी गाठ मारायची आणि मोठ्या काचपात्रातल्या पाण्यात सोडून रात्रभर शीतखोलीत ठेवायचं. मीठ बारीक, ते भिंतीतून बाहेर पडतं. प्रथिन मोठं, ते आत राहतं. सकाळी गाठ सोडली की स्वच्छ माल हातात. इतरांच्या हातात यायचा. दीपालीच्या पिशवीतून चार वर्षं पाणी निघालं, नुसतं पाणी. आणि आता या खुर्चीत बसून तिला दिसलं की ते प्रथिन कुठे गेलंच नव्हतं. ते पिशवीच्या आतल्या अंगाला चिकटून बसलं होतं. चिकटणं हाच त्याचा धर्म. असली प्रथिनं दोन तुकड्यांची असतात, मधे एक लवचिक दोरी; एक तुकडा कापतो आणि दुसरा नुसता धरून ठेवतो. धरणाऱ्याच्या अंगाला एक सपाट बाजू असते, तिच्यावर तीन चपट्या कड्या एका ओळीत, आणि सेल्युलोज भेटलं की त्या कड्या त्याच्या साखरेच्या कड्यांवर जाऊन पालथ्या पडतात. मग पाण्याने धुवा, मिठाने धुवा, सुटायचं नाव नको. हे सगळं तिने मागे कधीतरी एका मासिकात वाचलं होतं आणि पान उलटलं होतं, कारण तोवर ती कंप्यूटरच्या क्लासला जायला लागली होती आणि प्रथिन हा शब्द दिसला तरी तिला नकोसं व्हायचं. रोज सकाळी ती रिकामी पिशवी दोन बोटांत धरून, खळबळून, बेसिनखालच्या डब्यात टाकायची. रोज. आपल्या हाताने.

तिचा तो जिवाणू लोणी काळभोरचा. मामाच्या, सर्जेरावमामाच्या, रानात बांधाला पाचटाचा ढीग कुजत पडला होता. त्यातली मूठभर काळी ओल तिने सुट्टीत औषधाच्या रिकाम्या बाटलीतून आणली होती. मामी हसली होती, "पुन्यात माती मिळंना व्हय गं?" त्या मातीतून वेगळा काढलेला जिवाणू कागदाचे तुकडे असे खायचा की चार दिवसांत चंचुपात्रात लगदा उरायचा. डॉ. शरच्चंद्र आगाशे, म्हणजे तिचे सर, पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे बघते झाले ते त्या दिवशी. मग नव्वद सालच्या पावसाळ्यात एकदा पिशव्या संपल्या. स्टोअरमध्ये मागणी पडून होती, सही कुणाची हवी होती तो माणूस रजेवर. माल तर तयार, फुकट जाईल म्हणून तिने खारट पाणी पिशवीत न घालता तसंच पातळ करून तपासणीला चालवलं. आणि काय सांगावं! कागद किती कापला त्याचा आकडा चढत गेला, चढतच गेला. प्रथिनं वेगळी करून दाखवणाऱ्या जेलच्या पट्टीवर एकच काळीशार रेघ, जाड, जिथे असायला हवी तिथे. ती रेघ तिने कापून घेतली, सरांनी ती त्यांच्या हैदराबादच्या मित्राकडे पाठवली, आणि महिन्याभराने तिकडून अक्षरं आली. तीच ती अक्षरं. ती प्रथिनाच्या सुरुवातीची आहेत एवढंच तेव्हा कळत होतं. जुळवून बघायला तेव्हा फारसं काही नव्हतं. सरांनी पट्टी उजेडाकडे धरली, सगळ्यांसमोर, आणि म्हणाले, "वा. फारच छान दिसतंय." मग जरा थांबून, "मीठ न काढता हे धरता येणार नाही, रणपिसे. पद्धतशीर करा. आपण पुन्हा करून पाहू." बाकीच्यांपैकी कुणीतरी फस्सकन हसलं. का हसलं ते तिला तेव्हा कळलं नाही. बसमध्ये बसल्यावर 'फारच' या शब्दापाशी ती येऊन थांबली, आणि तिथून ती आजवर पुढे सरकलेली नाही.

कुणी म्हणेल, बये, मग पिशवीशिवाय पुन्हा एकदा करून का नाही पाहिलंस? सोपं आहे विचारायला. मनात आलं नव्हतं असं नाही. पण खडकीच्या फॅक्टरीतल्या कामगाराची, आंबेडकर जयंतीला पहिल्या रांगेत बसणारी पोरगी, राखीव जागेवरून आत आलेली, हे तिच्या कपाळावर लिहिलेलं नव्हतं तरी सगळ्यांना वाचता येत होतं. वरच्या वर्गातल्या पोरांनी चमचाभर कमी-जास्त केलं तर त्याला हात बसलेला असणं म्हणायचे. तिने केलं असतं तर? आई, सुंदराबाई, सकाळी डबा देताना म्हणायची, "लोकांनी एक डाव पुसलं तर आपण दोन डाव पुसायचं, दिपे." म्हणून ती दोनदा पुसायची. दोनदा धुवायची, दोनदा मोजायची, आणि पिशवी एका रात्रीऐवजी दोन रात्री ठेवायची. म्हणजे प्रथिनाला चिकटायला दुप्पट वेळ! पिशवी ही सगळ्यात सोवळी गोष्ट. तिने जिवाणूवर संशय घेतला, पाण्यावर घेतला, विजेवर, शीतखोलीवर, स्वतःच्या हातावर घेतला. हाताला घाम येतो म्हणून डॉक्टरकडे जाऊन आली. पिशवीवर घेतला नाही. जो टप्पा गाळला तर लोक म्हणतील 'शेवटी यांचं काम असंच', तो टप्पा ती मेली तरी गाळणार नव्हती. जितकी काळजी घ्यावी तितका माल गायब. सर खोचक होते, वाईट नव्हते. "प्रथिन आहे की पाहुणा, रणपिसे? एकदा जेवून गेला तो परत फिरकला नाही," असं म्हणायचे, सगळे हसायचे, तीही हसायची. हसली नसती तर आणखी काहीतरी झालं असतं.

आणि घरी नाना. तिचे वडील, पोपटराव रणपिसे, जन्मभर फॅक्टरीत तपासणीच्या खात्यात. शंभरातले चार उचलायचे, मापाला लावायचे, बरोबर असले तर पास. घरातसुद्धा तांदूळ निवडताना त्यांची मान तशीच वाकायची. ज्या दिवशी ती रेघ आली त्या दिवशी त्यांनी क्वार्टर्समध्ये पेढे वाटले होते. दोन वर्षांनी एकदा गॅलरीत बसलेले असताना, तिच्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "दीपा, तू नक्की पाहिलं होतंस ना?" "हो नाना." "नाही, म्हणजे आमच्याकडे जे पुन्हा होत नाही ते पास करत नाहीत, म्हणून विचारलं." बस्स. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. सरांचं 'फारच' तिने सहन केलं, पोरांचं हसणं केलं, पण हे 'नक्की' तिला झेपलं नाही. त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली आणि तिलाच प्रश्न पडला की खरंच पाहिलं होतं का आपण. पट्टी तर सुकून तडकून गेली होती. चौऱ्याण्णवमध्ये तिने पीएच.डी. अर्धवट टाकून संशोधनाची शिष्यवृत्ती सोडली. तोवर बाजार उघडले होते, लक्ष्मी रोडला परदेशी चॉकलेटं दिसायला लागली होती, आणि ज्याला त्याला कंप्यूटर शिकायचा होता. लोक म्हणाले, शहाणी मुलगी, वेळेवर निघाली. नाना म्हणाले, "चांगलं केलंस." ते कशाला चांगलं म्हणाले हे तिने विचारलं नाही.

साडेचारला तिने मशीन बंद केलं. जाण्याआधी घरी फोन लावला. आई गेल्यापासून वारज्याच्या फ्लॅटमध्ये ती आणि नाना दोघंच. "नाना, उशीर होईल. सरांकडे जाऊन येते." "कुठल्या सरांकडे?" "आगाशेसरांकडे. नाना, ते प्रथिन होतं. खरंच होतं. ते पिशवीला चिकटत होतं, म्हणून मिळत नव्हतं." पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग नाना म्हणाले, "असं का? बरं. जाऊन ये. सर काय म्हणतात ते ऐक." त्यांचा आवाज तिला ओळखूच आला नाही.

रिक्षात बसल्यावर तिला एकदम आनंद झाला. खोटं कशाला सांगा, झाला. विद्यापीठाच्या चौकात सिग्नलला धुरात अडकून पडलेली असताना तिने मनातल्या मनात सरांना सगळं समजावून सांगितलं, सर खुर्चीतून उठले, म्हणाले, अरे, आपण किती मूर्ख! आपण, असं म्हणाले, दोघं मिळून मूर्ख. तिला पदवी नको होती, पेपर नको होता. आता चौतिसाव्या वर्षी त्याचं काय लोणचं घालायचं होतं? तिला एकच वाक्य हवं होतं. तू पाहिलं होतंस. ते घेऊन ती घरी जाणार होती आणि नानांपुढे ठेवणार होती, आणि मग नाना तिच्याकडे कसे बघतील तेही तिला दिसत होतं. रिक्षावाला म्हणाला, "ताई, एरंडवण्यात नेमकं कुठं?" तेव्हा तिला कळलं की ती इतका वेळ ओठ हलवत होती.

दार श्यामलाकाकूंनी उघडलं, सरांच्या बायकोने. प्रयोगशाळेच्या सहलीला त्या सगळ्यांना चकल्या करून आणायच्या. "अगं बाई, रणपिसे ना तू? ये, ये. अहो, कोण आलंय बघा." सर खिडकीपाशी भिंगातून वर्तमानपत्र वाचत बसले होते. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, केस सगळे गेले होते, आवाज तेवढा तसाच. "या, आयटीवाले! आमची आठवण कशी झाली? लग्नाची पत्रिका वगैरे आणलीयेस की काय?" "नाही सर." ती बसली. रिक्षातली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली आणि ती एकदम म्हणाली, "सर, पिशवी. आपली पिशवी सेल्युलोजची होती." सरांनी भिंग खाली ठेवलं. "कुठली पिशवी?" "माझ्या प्रथिनाची. त्याच्या सुरुवातीलाच सेल्युलोजला धरणारा भाग आहे. आज अक्षरं घालून पाहिली. ते पिशवीला चिकटत होतं, सर, म्हणून सकाळी..." "अच्छा, ते होय!" सर म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. "ते आम्हाला कळलं ना नंतर."

काकूंनी पाण्याचा तांब्या-भांडं तिच्यापुढे ठेवलं. "कधी, सर?" "तू गेलीस त्याच्या वर्षा-दोन वर्षांत. आमोद आला होता ना आपल्याकडे, तुझ्यानंतर. हुशार, पण आळशी म्हणजे किती आळशी! त्याला म्हटलं, पिशवी लावून जा रे रात्री. हा पठ्ठ्या नाटकाला गेला. सकाळी काय दाखवायचं? तसंच खारट पाणी चालवलं. आणि बघ!" सरांना हसू आवरेना, हसता हसता खोकला आला, काकू म्हणाल्या, "पुरे आता, पाणी प्या." "आळसाचासुद्धा असा उपयोग असतो," सर डोळे पुसत म्हणाले. "मग काय, सरळच होतं. तो भाग वेगळा काढला, त्याची घडी कशी असते ते पाहिलं, छान पेपर झाला. आमोद आता अमेरिकेत असतो. दर दिवाळीला फोन करतो." "आणि जिवाणू?" "तोच की. तुझा लोणीचा. त्याचा नंबर बदलला फक्त, नवीन यादी केली तेव्हा." मग सर तिच्याकडे नीट बघून म्हणाले, "तुला कळवायचं राहूनच गेलं बघ."

राहून गेलं. काय भाषा आहे आपली! त्या वाक्याला कर्ताच नाही. कुणी ठेवलं नाही, कुणी विसरलं नाही, कुणी टाळलं नाही. कळवणं आपलं आपणच कुठेतरी बसून राहिलं आणि मग निघून गेलं. जन्मभर ही माणसं अशी बोलत आली, आणि तीही बोलते, तिच्याही तोंडात तेच बसलंय. दीपालीने भांडं उचललं आणि पाणी पिऊन टाकलं. तिला राग आला होता, पण राग धरायला समोर काही नव्हतं. एक म्हातारा माणूस खिडकीत बसून प्रेमाने बोलत होता. "म्हणजे सर, मी पाहिलं होतं ते खरं होतं," ती म्हणाली. "होतं की," सर म्हणाले, आज बुधवार आहे ना, असं विचारल्यावर म्हणावं तसं. "मग तेव्हा तुम्ही... तुम्हाला वाटलं होतं की मी ते..." "काय वाटलं होतं?" "की मी ते बनवलं. खोटं केलं."

"मी असं म्हणालो?" सरांना खरंच धक्का बसलेला दिसला. "कधी?" दीपालीने आठवायला सुरुवात केली. कधी? पट्टी उजेडाला धरून म्हणालात, फारच छान दिसतंय. हे सांगायचं? छान म्हणणं हा गुन्हा? पुन्हा करून पाहू म्हणालात, चार वर्षं, दर सोमवारी. पाहुणा म्हणालात. एकेक वाक्य तिने हातात घेऊन पाहिलं आणि एकेक वाक्य स्वच्छ निघालं. कुठे डाग नाही, कुठे ओरखडा नाही, न्यायाधीशापुढे ठेवलं असतं तरी त्याने ते हसून परत केलं असतं. तिला मारलं होतं ते आवाजाने, थांबण्याने, आणि ते कुठे लिहिलेलं नव्हतं. "मी असलं कधी कुणाला म्हणत नाही," सर दुखावून म्हणाले. "अगं, हे तर तुझं कौतुकच करायचे," काकू मधे पडल्या. "घरी येऊन सांगायचे, रणपिसे म्हणजे भारी पद्धतशीर मुलगी. नाही का हो?" "होती की," सर म्हणाले. "आमोदच्या दसपट. त्याला मी नेहमी तिचं उदाहरण द्यायचो." काकूंनी विचारलं चहा घेशील की कॉफी, आणि दीपाली म्हणाली चहा, आणि तिने चहा घेतला, बिस्किट घेतलं, नानांची तब्येत कशी आहे ते सांगितलं, आयटीत पगार किती असतो हा सरांचा प्रश्न टाळला. निघताना वाकून दोघांना नमस्कार केला. का केला? सवय. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की जे म्हटलंच नव्हतं ते आता कुणालाच मागे घेता येणार नाही, सरांनी मनात आणलं तरी नाही. इतकी वर्षं तिला वाटत होतं की कुठेतरी एक दार आहे आणि आपल्याजवळ किल्ली नाही. भिंतच होती नुसती, आणि दीपाली आपली त्या भिंतीला चिकटून बसलेली.

वारज्याला जाणाऱ्या बसमध्ये तिला उभं राहायला जेमतेम जागा मिळाली. कर्वेनगरच्या पुढे नव्या इमारतींचे सांगाडे होते, त्यांच्यावर जाहिराती, हसरी कुटुंबं, पोहण्याचा तलाव. तिला काही वाटेनासं झालं. मघाचा राग कधी ओसरला ते कळलं नाही, आणि त्याच्या जागी काही आलंही नाही. आपल्याला पुरावा मिळाला, हे ती स्वतःला सांगून पाहत होती. शास्त्र म्हणून मिळाला. छापून आलाय तो, पाच वर्षांपूर्वीच, दुसऱ्याच्या नावाने, जगात कुणीही उघडून वाचावा. म्हणजे या पाच वर्षांत जी जी सकाळ तिने आपण वेड्या होतो की खोट्या हे ठरवत काढली, ती सकाळ उगाचच होती. उत्तर याच गावात, बसच्या पाच-सहा थांब्यांवर, तयार होतं. आणि नानांची ती पाच वर्षं? आईची तर शेवटचीच. आई जाताना काय समजून गेली असेल? विचार तिथपर्यंत गेला आणि तिने तो तिथेच सोडला, कारण बसमध्ये रडणं बरं दिसत नाही.

फ्लॅटचं दार उघडंच होतं. नाना दारातल्या खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. घरात कधी ते शर्ट घालत नसत, बनियनवर असायचे. "काय म्हणले सर?" त्यांनी विचारलं. चप्पलसुद्धा काढू दिली नाही.

दीपालीजवळ खरं उत्तर होतं, आणि ते फार लांबही नव्हतं. सर म्हणाले, कळवायचं राहून गेलं. सर म्हणाले, मी असं कधी म्हणालोच नाही. पण नाना खुर्चीच्या हातांवर दोन्ही तळवे टेकून पुढे वाकले होते, त्यांचे कान अलीकडे नीट चालत नाहीत म्हणून तिच्या ओठांकडे बघत होते, आणि ते कशाची वाट बघतायत हे तिला इतकं स्पष्ट दिसत होतं की त्यांच्याकडे बघवेना. आयुष्यात तिने एकदाही आकडा फिरवला नव्हता. फिरवला असता तर आज ती डॉक्टर असती.

"सर म्हणाले, माझं चुकलं," ती म्हणाली, मोठ्याने, त्यांना ऐकू जावं म्हणून. "म्हणाले, दीपालीने पाहिलं होतं ते खरं होतं आणि मी तिच्यावर अविश्वास दाखवला. खूप वाईट वाटलं त्यांना. माफी मागितली."

कुठे अडखळलं नाही. एकामागून एक शब्द सरळ बाहेर आले. नानांनी डोळे मिटले आणि मग ते तिच्याकडे न बघता, गॅलरीकडे बघत म्हणाले, "मला ठाऊकच होतं. पहिल्या दिवसापासून. मी एक दिवससुद्धा शंका घेतली नाही, दीपा."

"हो नाना," ती म्हणाली.

मग नाना उठले, भिंतीला धरत फोनपाशी गेले आणि त्यांनी लोणीचा नंबर फिरवला. ती स्वयंपाकघरात जाऊन कुकरमध्ये तांदूळ धुवायला लागली. "सर्जेराव? आवं, ऐका. दीपाचे सर हायेत ना, ते मोठे डॉक्टर. त्यांनी आज तिची माफी मागितली. मग? हात जोडून! म्हणले, पोरी, तू खरी होतीस, आम्ही खोटे. बायकोसमोर म्हणले, चार लोकांसमोर. आं? न्हाई न्हाई, स्वतः बोलावून घेतलं तिला घरी." तिने नळ बंद केला. पलीकडे मामाला नीट ऐकू आलं नसावं किंवा त्याचा विश्वास बसला नसावा, कारण नाना म्हणाले, "बरं, थांबा, पुन्हा सांगतो," आणि खाकरून, आवाज चढवून, पहिल्यापासून सांगायला लागले.